मनोरची वाम : बखरीत न आलेला प्रवासी

१/
आजचा धागा मनोरबद्दल आहे आणि एका माशाबद्दल आहे. मनोर म्हटले की बहुतेकांना मुंबई–अहमदाबाद महामार्ग आठवतो, पालघरकडे वळणारा रस्ता आठवतो आणि गडकोटांवर फिरणाऱ्यांना जवळचा अशेरीगड आठवतो. या परिसराचा इतिहास सांगताना आपण पोर्तुगीज, मराठे, इंग्रज असा क्रम लावतो. त्या क्रमात वैतरणा नदीला एखादे वाक्य मिळते आणि नदीतल्या जीवांना तेवढेही मिळत नाही. पण या गावाचे स्थान नीट समजून घ्यायचे असेल, तर नदीने समुद्राकडे जाणाऱ्या आणि समुद्राकडून येणाऱ्या एका प्रवाशाची गोष्ट ऐकावी लागते. तो प्रवासी म्हणजे गोड्या पाण्यातली वाम.

२/
आधी गावाची जागा पाहू. वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते, सह्याद्री उतरते आणि दातिवरे व अर्नाळा यांच्या दरम्यान अरबी समुद्राला मिळते. मुखाशी ती खाडी आहे. भरती आली की समुद्राचे पाणी या खाडीतून आत शिरते आणि मनोरच्या परिसरापर्यंत चढत येते. त्याच्या वर नदी गोडी, उतरती, खडकाळ होते. म्हणजे मनोर हे समुद्राचा श्वास जिथे संपतो अशा जागी वसलेले गाव आहे. रेल्वे आणि डांबरी रस्ता येण्यापूर्वी अशा जागेला मोठे मोल असे. भरतीबरोबर होडी वर येई, ओहोटीबरोबर माल घेऊन खाली जाई. वल्ह्याचे अर्धे काम चंद्र करी.

३/
हे मोल पोर्तुगीजांनी लवकर ओळखले. १५५६ मध्ये अशेरी आणि मनोर त्यांच्या हाती आले. वर अशेरीचा दुर्गम डोंगर, भोवती सागाचे दाट रान आणि पायथ्याच्या प्रदेशातून थेट समुद्राकडे जाणारी पाण्याची वाट, असा हा जोड होता. जहाजबांधणीला आणि इमारतींना लागणारे लाकूड उतरवायला नदीसारखा दुसरा रस्ता नसतो. पुढे १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पांच्या मोहिमेने उत्तर कोकण ढवळून निघाले आणि मे १७३९ मध्ये वसई पडली. अशेरी आणि मनोरही मराठ्यांकडे आले. हा भाग तुम्ही पुष्कळदा वाचला असेल, म्हणून येथे थांबत नाही. एवढेच ध्यानात ठेवा की मनोरचे महत्त्व पाण्याच्या वाटेमुळे होते.

४/
त्याच वाटेने, गलबतांच्या तळाखालून, वाम येत होती. पण ‘वाम’ या शब्दात गोंधळ आहे, तो आधी सोडवू. पालघर जिल्ह्यात किमान तीन वेगळ्या माशांना लोक वाम म्हणतात. पहिली समुद्रातली. सातपाटीच्या बाजारात येणारी, मोठ्या जबड्याची, चंदेरी. दुसरी नदीतली काटेरी वाम. तिचे तोंड टोकदार असते आणि पाठीवर लहान काट्यांची रांग असते. हाताने धरलीत तर ती रांग लगेच ओळख पटवते. ही काटेरी वाम नदीतच जन्मते आणि नदीतच मरते. तिसरी म्हणजे आजच्या धाग्याची नायिका. तिच्या पाठीवर काटे नाहीत. पाठीचा पर शेपटीला वळसा घालून थेट पोटाखाली येतो. अंग जाड, बुळबुळीत आणि पिवळसर तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचे.

५/
देशावर, कृष्णा आणि भीमेच्या खोऱ्यांत, या तिसऱ्या माशाला ‘अहीर’ म्हणतात. नाव ऐकताच संस्कृतातला ‘अहि’ म्हणजे साप आठवतो, आणि मासा पाहिला की ते आठवणे साहजिकही वाटते. पूर्ण वाढलेली मादी मीटरभराहून लांब होते. दिवसा ती डोहाच्या तळाशी दगडांच्या कपारीत किंवा काठच्या झाडांच्या मुळांत दडून राहते आणि रात्री खेकडे, बेडूक, लहान मासे यांची शिकार करते. सापासारखी दिसते म्हणून कित्येक घरांत ती शिजत नाही. ज्यांच्या घरी शिजते त्यांना ती किती चविष्ट लागते हे सांगावे लागत नाही.

६/
माझे आजोळ मनोरच्या वरच्या अंगाला, वैतरणेच्या काठी. माझे मामा शिक्षक होते, पण पावसाळा सरला की त्यांचे अर्धे लक्ष नदीवर असे. वाम धरण्याची विद्या त्यांनी शेजारच्या पाड्यावरच्या एका वारली गृहस्थांकडून घेतली होती. गावातली आम्ही सारी मुले त्यांना ‘बाबा’ म्हणत असू. बाबांचे म्हणणे असे, की पाग टाकून कोणताही मासा सापडेल, वाम सापडणार नाही, कारण पाग पाण्यातून तळाशी जाईपर्यंत ती कपारीत असते. जाळ्याने पाणी गाळता येते, दगड गाळता येत नाही. म्हणून तिच्यासाठी गळ लागतो, रात्र लागते आणि वाट पाहण्याची तयारी लागते.

७/
त्यांची रीत साधी होती. जाड सुती दोरी, कारण वाम अंगाला पीळ देते आणि बारीक दोरा तुटतो. दोरीला हात हात अंतरावर आखूड फाटे, प्रत्येक फाट्याला एक गळ. आमिषाला बेडकाचे पिल्लू किंवा लहान मासा. गांडूळ लावले तर नको ते मासे आधी ते कुरतडून टाकतात. दोरीचे एक टोक काठच्या करंजाच्या मुळाला बांधायचे आणि दुसऱ्या टोकाला दगड बांधून तो डोहात सोडायचा. हे सारे अंधार पडण्याआधी आणि शक्यतो अमावास्येच्या आसपास. चांदण्या रात्री वाम बाहेर पडत नाही, असे बाबा ठामपणे सांगत. पहाटे दोरी ओढायची. दोरी सैल आली तर काही नाही. दोरी जड आली आणि हलली नाही, तर वाम आहे आणि तिने शेपटीने दगड धरला आहे.

८/
मग घाई करायची नाही. हिसका दिला तर एकतर दोरी तुटते किंवा गळ सुटतो. ताण कायम ठेवायचा आणि ती दमून पकड सोडेपर्यंत थांबायचे. आम्ही मुले काठावर थंडीने कुडकुडत उभे राहत असू. बाबा मात्र विडी पेटवून, दोरी अंगठ्याभोवती एक वेढा घेऊन, गप्प बसलेले असत. वाम वर आली की ती हाताने धरता येत नसे. तिच्या अंगावरचा चिकट थर हातातून निसटवतो. तिला ओल्या गोणपाटात घ्यायचे आणि घरी चुलीतल्या राखेत लोळवायचे. राखेने बुळबुळ निघते आणि हाताला पकड मिळते. आजी तिचा रस्सा चिंचेत करी आणि तांदळाच्या भाकरीबरोबर वाढी.

९/
या आठवणीतली एक गोष्ट मला इतिहासाकडे घेऊन गेली. एकदा बाबा वाम साफ करत होते. आदल्या आठवड्यात घरात दुसऱ्या माशाची गाभोळी खाल्ली होती, म्हणून मी विचारले, “बाबा, हिची गाभोळी कुठंय?” ते हसले. म्हणाले, “वामेच्या पोटात गाभोळी नाय सापडत, पोरा. मी तं कंदी पाह्यली नाय. माझ्या बापानंबी नाय.” मी विचारले, मग पिल्ले कुठून येतात? त्यांनी विळी थांबवून नदीच्या खालच्या अंगाकडे, खाडीकडे हात केला. “खालून येतात,” म्हणाले. एवढे बोलून पुन्हा कामाला लागले.

१०/
पुढे महाविद्यालयात असताना वाचनात आले की हाच प्रश्न ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलला पडला होता. त्याने अनेक प्राण्यांची शरीरे तपासली, पण वामेच्या पोटात ना अंडी सापडली ना वीर्य. शेवटी वाम चिखलातून, भूमीच्या आतून उपजते, असा निष्कर्ष त्याने काढला. हा प्रश्न दोन हजार वर्षांहून अधिक काळ युरोपला छळत राहिला. १८७६ मध्ये विशीतला एक विद्यार्थी त्रिएस्ते बंदरात पाठवला गेला. त्याने सुमारे ४०० वामा चिरून नराचे वृषण शोधण्याचा प्रयत्न केला आणि तरीही निर्विवाद उत्तर त्याला मिळाले नाही. त्या विद्यार्थ्याचे नाव सिग्मंड फ्रॉइड. मनाचा अभ्यास त्याने नंतर सुरू केला.

११/
उलगडा हळूहळू झाला. समुद्रात सापडणारा, पानासारखा चपटा आणि काचेसारखा पारदर्शक एक चिमुकला जीव शास्त्रज्ञ स्वतंत्र मासा समजत होते. १८९०च्या दशकात इटलीच्या जोव्हान्नी बातिस्ता ग्रासी यांनी दाखवून दिले की ते वामेचेच बाळरूप आहे. मग डेन्मार्कच्या योहानेस श्मिट यांनी १९०४ पासून अटलांटिक महासागर पिंजून काढला. जितकी लहान अळी सापडेल तितके जन्मस्थान जवळ, या हिशेबाने ते सरकत राहिले आणि १९२२ मध्ये त्यांनी जाहीर केले की युरोपच्या नद्यांतली वाम हजारो किलोमीटर दूर सारगॅसो समुद्रात जन्मते. जपानी वामेची अंडी तर थेट २००९ मध्ये, मारियाना बेटांजवळच्या खोल समुद्रात सापडली.

१२/
आपली वामही याच कुळातली. तिचा जन्म हिंदी महासागराच्या खोल पाण्यात होतो आणि तिला अंडी घालताना आजवर कुणीही पाहिलेले नाही. अळी प्रवाहाबरोबर वाहत किनाऱ्याकडे येते, काडीएवढी पारदर्शक वाम बनते आणि खाडीच्या तोंडातून आत शिरते. भरतीच्या लाटेवर स्वार होऊन ती वर येते, ओहोटीत तळाशी चिकटून राहते, पुन्हा भरतीत पुढे सरकते. भरती जिथे संपते तिथून पुढचा प्रवास स्वतःच्या बळावर, प्रवाहाविरुद्ध. ओल्या खडकावरून सरपटणेही तिला जमते. डोंगरातल्या डोहात ती अनेक वर्षे वाढते आणि एके वर्षी, पुराच्या अंधाऱ्या रात्री, परत समुद्राकडे निघते. अंडी तिच्या पोटात पक्व होतात ती त्या परतीनंतर. बाबांना गाभोळी दिसली नाही याचे कारण हे.

१३/
आता हा जीवनक्रम वैतरणेच्या नकाशावर ठेवून पाहा. दातिवऱ्याचे मुख, खाडी, मनोर आणि वर डोंगर. लहान वामेला जिथवर भरती वाहून आणते तिथवरच भरलेले गलबतही येत होते. तिथून पुढे गलबताचा माल बैलगाडीवर आणि डोक्यावर जाई, आणि वाम स्वतःच्या अंगाने चढे. परतताना डोंगरातला साग पाण्याच्या वाटेने खाली उतरे, आणि वामही. मनोर हे दोघांच्याही प्रवासातले वाहन बदलण्याचे ठिकाण होते. गावे अशा जागी का वसतात, हे शिकवायला वामेइतका चांगला शिक्षक मला दुसरा मिळाला नाही.

१४/
मग प्रश्न असा, की वामेचा उल्लेख आपल्या इतिहासाच्या साधनांत का नाही? इंग्लंडमध्ये तो आहे आणि विपुल आहे. १०८६च्या ‘डूम्सडे बुक’ या महसुली पाहणीत गिरण्यांचा आणि मासेमारीच्या जागांचा खंड वामांच्या संख्येत नोंदवलेला आढळतो. मठांना आणि जमीनदारांना लोक भाडे म्हणून वाळवलेल्या, धुरी दिलेल्या वामा देत. ईली या गावाचे नावच तिथल्या वामांवरून पडले, असे आठव्या शतकातला इतिहासकार बीड सांगतो. म्हणजे तिथे वाम चलन होती. जी वस्तू करात येते ती कागदावर येते, आणि कागदावर येते ती पुढे इतिहासात येते.

१५/
आपल्याकडे मासेमारीवर लिहिलेच गेले नाही असे नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मत्स्यविनोदाचे प्रकरण आहे. माशांचे समुद्रातले व नदीतले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे वर्ग, कोणत्या माशाला कोणते खाद्य, काठी कशी, दोरी कशी, हे सारे त्यात येते. पण ती राजाची करमणूक आहे. डोहाच्या काठी रात्र काढून घरच्यांच्या भाकरीबरोबर कालवण जमवणारा माणूस त्यात नाही. वारली, कातकरी, मल्हार कोळी यांच्या मासेमारीतून सरकारच्या तिजोरीला सांगण्यासारखे काही मिळत नव्हते. दफ्तराने भात मोजले, साग मोजला, ताडीची झाडे मोजली. वाम मोजली नाही.

१६/
महाराष्ट्रातल्या वामेची शास्त्रीय नोंद झाली ती एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यामुळे. विल्यम हेन्री साइक्स हे मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खनभर हिंडत. लोकसंख्या, पिके, पाऊस यांच्या नोंदी घेता घेता त्यांनी पक्षी आणि मासेही टिपले. दख्खनच्या माशांवरचे त्यांचे काम १८३९च्या सुमारास प्रसिद्ध झाले. त्यांची एक सवय मला फार आवडते. माशांची लॅटिन नावे ठेवताना त्यांनी स्थानिक मराठी नावे उचलली. आजही महसीराच्या एका जातीचे नाव ‘तोर खुद्री’ आहे आणि ‘कोळस’ हा शब्द दुसऱ्या एका माशाच्या शास्त्रीय नावात जिवंत आहे. नदीकाठच्या भोई-कोळ्यांचे शब्द असे लंडनच्या ग्रंथालयात जाऊन बसले.

१७/
वामेच्या वेळी मात्र साइक्स यांनी ही सवय मोडली. तिला त्यांनी ‘अँग्विला एल्फिन्स्टोनी’ असे नाव दिले, मुंबईचे माजी गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या सन्मानार्थ. पण हाच मासा जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३१ मध्येच बंगालच्या नावाने नोंदवला होता. शास्त्रात आधीचे नाव टिकते. त्यामुळे आज तिचे अधिकृत नाव ‘अँग्विला बेंगालेन्सिस’ आहे आणि एल्फिन्स्टनसाहेबांचे नाव समानार्थी नावांच्या यादीत पडून आहे. या साऱ्या देवघेवीत ‘अहीर’ आणि ‘वाम’ हे शब्द कुठेच आले नाहीत. माशाला गव्हर्नर मिळाला, प्रांत मिळाला, त्याला धरणाऱ्यांचा शब्द मिळाला नाही.

१८/
येथे एक भौगोलिक गंमत सांगायलाच हवी. साइक्स यांना दख्खनच्या नद्यांत भेटलेली वाम आणि मनोरची वाम एकाच जातीच्या असल्या, तरी त्यांचे रस्ते वेगळे. भीमेतली वाम बंगालच्या उपसागरातून आत येऊन कृष्णेने सारा द्वीपकल्प चढून आलेली. वैतरणेतली अरबी समुद्रातून आलेली. त्र्यंबकच्या डोंगरात गोदावरी आणि वैतरणा यांचे उगम एकमेकींपासून फार दूर नाहीत. एकीचे पाणी पूर्वेला जाते, दुसरीचे पश्चिमेला. धरणे नव्हती त्या काळात या एका डोंगररांगेच्या दोन उतारांवर दोन समुद्रांतून आलेल्या वामा पोचू शकत. सह्याद्री हा पाणलोट आहे, हे भूगोलाच्या पुस्तकातले वाक्य मला त्या दिवसापासून जिवंत वाटते.

१९/
कागदाने वगळले ते इतरत्र टिकून राहिले. ते भाषेत टिकले. वलगणीचे मासे, चढणीचे मासे, डोह, कोंड, गाभोळी या शब्दांत नदीचे सारे वेळापत्रक आहे. ते अवजारांत टिकले. बांबूच्या कामट्यांच्या सापळ्याचे तोंड किती रुंद ठेवायचे, यात कोणता मासा धरायचा आणि कोणता सोडायचा याचा निर्णय असतो. आणि ते चित्रांत टिकले. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांची मासेमारीच्या जाळ्याची चित्रे जगभर गाजली. पांढऱ्या बारीक रेघांचे जाळे साऱ्या पटावर पसरते आणि माणूस त्या जाळ्याच्या कडेला लहानसा उभा दिसतो. इतिहासाचे साधन म्हणून ते चित्र मी एखाद्या सनदेइतक्याच आदराने पाहतो.

२०/
चौथे साधन म्हणजे स्वतः नदी. आणि धाग्याचा खरा मुद्दा इथे येतो. मुंबईला पाणी कमी पडू लागले तेव्हा इंग्रज सरकारची नजर वैतरणेच्या खोऱ्याकडे वळली. वैतरणेची उपनदी तानसा हिच्यावरचे धरण १८९२ मध्ये पुरे झाले. स्वातंत्र्यानंतर वैतरणेवर मोडकसागर झाले, मग ऊर्ध्व वैतरणा, आणि अलीकडे मध्य वैतरणा. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांपैकी चार या एका खोऱ्यात आहेत. शेजारच्या सूर्या नदीवर धामणीचे धरण आणि कवडासचा बंधारा आहे. प्रत्येक भिंत अभियंत्यांच्या दृष्टीने कौतुकाची, आणि तहानलेल्या शहरासाठी आवश्यक.

२१/
वामेसाठी प्रत्येक भिंत म्हणजे रस्त्याचा शेवट. काडीएवढी लहान वाम ओल्या, खडबडीत उतारावरून चढू शकते. पण उभी, कोरडी, गुळगुळीत भिंत तिला चढता येत नाही. भिंतीच्या वर आधीच वाढलेल्या वामा असतील तर त्यांना पुराबरोबर सांडव्यावरून कोसळत उतरावे लागते. इतर मासे धरणाच्या पाण्यात पैदास करून नवी वस्ती उभारतात. वाम तसे करू शकत नाही. तिची पैदास समुद्रातच होते. म्हणून धरणाच्या वरच्या अंगाला म्हाताऱ्या वामा संपल्या की वंश संपला. त्यात भर खाडीतल्या रेती-उपशाची. जिथे लहान वामेने तळाला चिकटून ओहोटी काढायची, तो तळच खरवडला जातो.

२२/
हे लिहिताना मी मुंबईतच राहतो आणि सकाळी नळ सोडला की वैतरणेचे पाणी माझ्या भांड्यात पडते. धरणे बांधायला नको होती असे म्हणण्याचा अधिकार मला नाही आणि तसे माझे मतही नाही. मात्र हिशेब पुरा मांडला पाहिजे. धरणाच्या इतिहासात आपण उंची, लांबी, खर्च आणि साठा लिहितो. बुडालेल्या पाड्यांची नावे क्वचित लिहितो. आणि नदीतून वर येणाऱ्या, खाली जाणाऱ्या जीवांची वाट तुटली हे तर खर्चाच्या रकान्यात कधी येतच नाही. १८९२ साली हे कुणाला ठाऊक नव्हते, कारण वाम कुठे जन्मते हेच तेव्हा जगाला ठाऊक नव्हते. आज ते ठाऊक आहे.

२३/
जगाने काही पावले उचलली आहेत. युरोपीय संघाने २००७ मध्ये युरोपीय वामेसाठी स्वतंत्र नियम केला. अनेक बंधाऱ्यांच्या कडेने ओला, खरखरीत, ब्रशसारख्या केसांचा उतार बसवतात आणि लहान वामा त्यावरून चढतात. या उताराला धरणाच्या खर्चाच्या मानाने किरकोळ पैसा लागतो. उंच धरणांवर हे सोपे नाही, पण लहान बंधाऱ्यांवर शक्य आहे. आपली वाम आंतरराष्ट्रीय सूचीत ‘संकटसमीप’ गटात आहे. म्हणजे अजून वेळ आहे. मनोरच्या खाली आणि आसपास वैतरणेला अजून भरती येते. देहर्जेसारख्या उपनद्यांत अजून डोह आहेत. जिथवर वाट मोकळी आहे तिथवर वाम येऊ शकते.

२४/
बाबा आता नाहीत. मामा थकले आहेत, पण स्मरण पक्के आहे. गेल्या दिवाळीत मी वही घेऊन त्यांच्यापुढे बसलो आणि आजोळच्या पट्ट्यातल्या डोहांची नावे विचारली. त्यांनी अकरा नावे सांगितली. त्यांतल्या एका डोहाचे नाव वामेवरून पडले आहे आणि त्या डोहात त्यांनी शेवटची वाम केव्हा धरली हे त्यांना आठवेना. “फार वर्षं झाली,” एवढेच म्हणाले. मासा गेला तरी जागेच्या नावात तो काही काळ राहतो. मग नाव सांगणारा जातो आणि नकाशावर फक्त निळी रेघ उरते. सातबाऱ्यावर डोहाची नोंद होत नाही.

२५/
तुमच्यापैकी कितीतरी जण हिवाळ्यात अशेरीवर, कोहोजवर जाता. तटबंदी मोजता, शिलालेखांचे ठसे घेता, फोटो काढता. हे काम मोलाचे आहे. मी एकच भर सुचवतो. उतरल्यावर तासभर नदीकाठच्या पाड्यावर थांबा. तिथल्या आजी-आजोबांना आदराने विचारा की या डोहाला काय म्हणतात, इथे वाम येते का, शेवटची कधी पाहिली, तिला तुम्ही काय नावाने ओळखता, ती कशाने धरत होता. उत्तर त्यांच्याच शब्दांत, गावाचे नाव आणि तारीख घालून लिहून ठेवा. वामेची नेमकी जागा मात्र सर्वांसमोर उघड करू नका. उरलेल्या वामांच्या ते हिताचे नाही.

२६/
साइक्स यांनी सुमारे दोनशे वर्षांपूर्वी असेच केले. ते गावोगाव गेले आणि माशांची नावे विचारत राहिले. त्यांच्याकडे अधिकार होता, घोडा होता, सरकारचा पगार होता. आपल्याकडे त्यांच्याहून एक गोष्ट अधिक आहे. ज्यांना प्रश्न विचारायचा त्यांची भाषा आपली आहे. तुमच्या आजोळी, तुमच्या नदीवर गोड्या पाण्यातल्या वामेला काय म्हणतात, ते खाली जरूर लिहा. शब्द, गाव आणि नदी, एवढे पुरे. पुरेसे शब्द जमले की त्यांचा नकाशा करून मी पुढच्या धाग्यात मांडेन. पुढचा धागा : वैतरणेच्या खाडीतली गलबते.